बाईंच्या कपाटातली काडतुसं

काडतुसं भरायचा तो जुना प्रेस आमच्या गराजमध्ये उतरला, तेव्हा नवऱ्याने सगळ्यात आधी गराजचं दार खाली घेतलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोरच्या घरातले गृहस्थ कुत्र्याला घेऊन निघाले होते. "कोणी बघितलं तर काय समजतील?" तो म्हणाला. खरं तर ते हिरवं, ओतीव लोखंडाचं, जाड फळीवर बसवलेलं धूड कोणी पाहिलं असतं तरी त्याला ते शेवयांचं मोठं यंत्रच वाटलं असतं. पण नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. आपल्या रंगाच्या माणसाच्या तळघरात बंदुकीची दारू आहे हे कळलं, की यंत्र कसं दिसतं याच्याशी कोणाला काही घेणं नसतं, असं तो म्हणाला.

यंत्र दिलं होतं आमच्या शेजारणीने. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आम्ही घर घेतलं तेव्हा त्या पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. आमची मुलगी त्यांच्याकडेच शिकली, त्यामुळे घरात त्यांचं नाव 'बाई' असंच पडलं. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तिथे अहो-जाहोचा प्रश्न येत नाही, पण माझ्या मनात त्या कायम अहोच राहिल्या. एकदा कुंपणाशी बोलता बोलता मी त्यांना सांगितलं, की नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीत रायफल चालवली होती. पुढच्याच शनिवारी त्या मला त्यांच्या शूटिंग क्लबवर घेऊन गेल्या. तिथे मातीच्या नारिंगी तबकड्या यंत्रातून हवेत उडतात आणि त्या छर्र्यांनी फोडायच्या असतात. पहिली तबकडी माझ्या हातून फुटली त्या क्षणी मी त्या खेळाला लागले ती लागलेच. मग कितीतरी वर्षं आमचे शनिवार ठरलेले होते.

बाईंचे यजमान स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. इथे हा छंद अनेकांना असतो. झाडून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी गोळा करायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, मग मापाने दारू, तिच्यावर प्लास्टिकची छोटी वाटी, वाटीत छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड चुण्या घालून मिटवायचं. ही सगळी कामं तो प्रेस एकामागून एक करतो. माणसाने फक्त दांडा ओढायचा. यजमान वारल्यावर प्रेस झाकून पडला होता. आता बाई घर विकून एका लहान अपार्टमेंटमध्ये जाणार होत्या आणि तिथे असलं काही ठेवायला परवानगी नव्हती.

"त्यांना सावत्र मुलगा आहे ना विस्कॉन्सिनला?" नवऱ्याने विचारलं. "मग एवढी बापाची वस्तू त्याला सोडून तुला कशी?"

त्याला यात रस नाही असं बाई म्हणाल्या, एवढंच मला माहीत होतं. नवऱ्याने कपाळाला आठी घातली. कायदा काय म्हणतो ते मी आधीच वाचून काढलं होतं. त्याने ते पुन्हा स्वतः वाचलं, आणि घरी ठेवायला हरकत नाही असं कळल्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला. इथल्या मराठी मंडळातल्या कोणालाही सांगायचं नाही, या अटीवर यंत्र तळघरात गेलं.

संशयी म्हणून मी नवऱ्याला नावं ठेवणं तसं बरोबर नव्हतं, कारण मी पोटापाण्यासाठी तेच करते. एका औषधांच्या कंपनीत तयार गोळ्या तपासणं हे माझं काम. गोळीचं वजन जराही इकडेतिकडे गेलं तर आख्खा घाणा अडवून धरायचा. बाटलीवरचं लेबल शंभर टक्के खात्रीचं नसेल तर बाटली आतल्या मालासकट बाद. घरी डब्यातली हळद संपून नवी भरली तरी मी आधी डबा धुते, असं नवरा सगळ्यांना हसून सांगतो.

प्रेस मांडण्यातच बरेच दिवस गेले. आतलं जुनं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं. दांडा अर्ध्यावर येऊन अडायचा आणि जोर केला की खाली आदळायचा. एकेक भाग काढून मी रॉकेलने पुसला आणि उलट्या क्रमाने परत बसवला. मग पुंगळ्यांची तोंडं नीट मिटेनात. एखाद्या शिकाऊ मुलीने केलेल्या मोदकासारख्या चुण्या मधोमध उघड्या राहायच्या. ते साचा थोडा थोडा फिरवून जमलं. खरी अडचण दारूच्या मापाची होती. दारू मी दुकानातून नवी, सीलबंद आणली होती. प्रेस दर खेपेला तेवढीच दारू टाकतो अशी त्याची ख्याती, पण मी प्रत्येक माप तराजूवर तोलत होते आणि आकडे भरकटत होते. कधी थोडं जास्त, कधी बरंच कमी.

मला आधी यंत्राचाच संशय आला. माप मोजणारी पट्टी झिजली असेल म्हणून मी ती नवी मागवली. फरक पडला नाही. मग मिनेसोटाच्या कोरड्या थंडीचा संशय आला. या दिवसांत दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसतो, आणि दारूचे कण त्याच विजेने प्लास्टिकच्या नळीला चिकटून राहत होते. नळी पुसून ते थांबवलं. आकडे सुधारले, पण मधूनच एखादा वेडावाकडा यायचाच. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला या यंत्राने आयुष्यभर कधी त्रास दिला नाही." त्या वाक्यात मला थोडा टोमणा ऐकू आला.

उत्तर शेवटी नवऱ्याला सापडलं. तो यंत्राजवळ यायचा नाही, जिन्याच्या खालच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसायचा. मी काय करते यावर लक्ष ठेवायला, असं मला वाटायचं. एक दिवस तो म्हणाला, "तुझा आकडा बिघडतो तेव्हा भट्टी चालू असते." घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाली की छतातल्या झरोक्यातून वारा खाली येतो, आणि तो वारा नेमका माझ्या तराजूच्या पारड्यावर पडत होता. मापं बरोबर होती. तराजू खोटं बोलत होता. आम्ही तराजूभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि आकडे ओळीत उभे राहिले. त्या दिवशी नवरा पहिल्यांदा पायरीवरून उठून यंत्राजवळ आला आणि दांडा ओढून बघू का म्हणाला.

यंत्राबरोबर बाईंनी जुन्या दारूचा एक अर्धा भरलेला डबाही दिला होता. तो मी वापरणार नव्हतेच, पण टाकण्याआधी बघावं म्हणून एका रविवारी दुपारी चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर ओतली आणि भिंग लावलं. डब्यावर ज्या दारूचं नाव होतं तिचे कण चपटे, करडे, पापुद्र्यासारखे असतात. तसे होते. पण त्यांच्यात बारीक, गोल, काळपट कणही मिसळलेले होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. डब्यात दोन वेगळ्या दारू होत्या. यातली एक सावकाश पेटते, दुसरी भसकन. एकीच्या मापाने दुसरी भरली गेली तर काडतूस नुसतं फुसकं निघू शकतं, किंवा बंदुकीची नळी फाटून हात जाऊ शकतो.

मी भिंग खाली ठेवलं आणि मला बाईंच्या कमरेची पिशवी आठवली. दर शनिवारी त्या पिशवीत लाल काडतुसं असायची. यजमानांनी जाण्यापूर्वी भरून ठेवलेली. कपाटात त्यांचे डबेच्या डबे होते आणि बाई ती पुरवून पुरवून वापरायच्या. मागच्या पानगळीत त्यांचा एक बार फुस्स झाला होता, तेव्हा 'ओल लागली असेल' असं त्या म्हणाल्या होत्या. आणि एकदा दुसऱ्याच एका बारानंतर त्या बराच वेळ खांदा चोळत उभ्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हातारपण, एवढंच म्हणाल्या.

मी तशीच कोट चढवून शेजारी गेले. डब्यातल्या दारूत भेसळ आहे, तुम्ही कपाटातली काडतुसं वापरू नका, असं शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. पण सौम्यपणे सांगायची ती गोष्टच नव्हती. बाईंनी हातातला कप बशीत ठेवला. त्यांचा नवरा किती काटेकोर होता, त्याच्या हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा कशी आखलेली असायची, हे त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाल्या, "तो डबा तुझ्या घरी येऊन किती दिवस झाले. तुझ्याकडेच काही मिसळलं नाही कशावरून?"

त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. तरी ते मला लागलं. पुढच्या शनिवारी त्या मला न सांगता क्लबवर गेल्या. त्यांची गाडी निघताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली आणि ती परत येईपर्यंत त्या खिडकीपासून हलले नाही. गाडी आली, त्या उतरल्या, दोन्ही हातांनी त्यांनी मागचं दार उघडून बंदुकीची पेटी काढली. दोन्ही हात शाबूत आहेत हे मी मुद्दाम बघितलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात त्यांचा सावत्र मुलगा आला. पन्नाशीतला, दांडगा माणूस. बाईंचं सामान बांधायला आला होता, पण आधी त्याने आमची बेल वाजवली. दार नवऱ्याने उघडलं. वडिलांचा प्रेस तुमच्याकडे आहे असं ऐकलं, तो म्हणाला. आणखी काय काय आणलंय तेही त्याला कळलं तर बरं होईल. आवाज शांत होता, पण त्याची नजर नवऱ्याच्या खांद्यावरून आमच्या दिवाणखान्यात फिरत होती. एकट्या म्हाताऱ्या बाईशी शेजाऱ्यांनी गोड बोलून वस्तू काढून नेल्या, असंच त्याच्या मनात होतं.

नवऱ्याचा चेहरा ताठ झाला. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा," तो म्हणाला. "आम्हाला नकोच होता."

मी मध्ये पडले. घेऊन जा, पण आधी खाली येऊन एक गोष्ट बघा, असं मी त्याला सांगितलं. तो आला, मात्र पूर्ण जिना उतरेपर्यंत एक हात कठड्यावर ठेवून, जणू आम्ही मागून दार लावून घेऊ. मी कागदावर दारू ओतली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आमच्याबद्दलचा संशय गेला होता, आणि त्या जागी जे आलं होतं ते मला त्याहून वाईट दिसलं.

वडिलांना शेवटची दोन-तीन वर्षं नीट दिसत नव्हतं, त्याने सांगितलं. समोरच्या गोष्टीच्या मधोमध काळा ठिपका यायचा, कडेचं तेवढं दिसायचं. गाडी चालवणं त्यांनी गुडघ्याचं निमित्त करून सोडलं. पण प्रेस सोडला नाही. हाताच्या सवयीने भरायचे. लेबल वाचता येत नव्हतं, एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं गेलं असेल. एकदा याने स्वतः त्यांना टिकली उलटी बसवताना पाहिलं होतं आणि थांबा म्हणाला होता, त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणून त्याला त्या यंत्रात रस नव्हता.

"तिला डोळ्यांचं सांगू नका," तो म्हणाला. "तिला माहीत नाही. काही झालं तरी तिला कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं."

आता मला त्याच्यावरही विश्वास ठेवावासा वाटेना. ज्या घरात दोघंच राहतात तिथे एकाला दिसेनासं झालं हे दुसऱ्याला कळत नाही? पण काडतुसं उघडून तोलू या, म्हणजे डोळ्यांचा विषय काढायची गरज पडणार नाही, एवढं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तराजू आणि पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. नवराही आला, न बोलावता. बाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही, पण जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं आणि कपाटातले डबे मुलाला आणायला सांगितले. कुठली काडतुसं उघडायची ते त्या स्वतः निवडणार, अशी त्यांची अट होती. त्या टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून वेगवेगळ्या डब्यांतून एकेक काढून देत गेल्या. मी चुण्या कापून छर्रे एका वाडग्यात ओतायची, वाटी काढायची, आणि दारू पारड्यात घालायची. आकडा मी वाचत नव्हते. त्यांनाच वाकून वाचायला लावत होते.

पहिलं काडतूस बरोबर निघालं. दुसरं, तिसरंही. बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की चुकीचा सूर वाजवणाऱ्या विद्यार्थिनीकडेही त्यांनी तसं कधी पाहिलं नसेल. मला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं. डबा खराब, पण काडतुसं चांगली. तसं असतं तर मला आनंदच झाला असता.

मग एकातून दारू जवळजवळ निघालीच नाही, तळाशी चार कण. आणि पुढच्यातून इतकी निघाली की पारडं खाडकन खाली बसलं. मापाच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि काळे गोल कण नुसत्या डोळ्यांना दिसत होते. वाटीला जागा पुरली नव्हती म्हणून ती आत तिरकी दाबली गेली होती. सावत्र मुलगा खिडकीकडे वळून उभा राहिला. नवऱ्याने माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

बाई खुर्चीवर बसल्या. आकडा त्यांनी पुन्हा एकदा वाचला.

"त्याला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मुलगा गर्रकन वळला. तुला माहीत होतं, असं त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात राग होता.

त्या म्हणाल्या, "पियानोवरची स्वरलिपी वाचून दाखव म्हटलं की तो चष्मा शोधायला जायचा आणि परत यायचाच नाही. मला कळू नये म्हणून तो इतका धडपडायचा, की मला कळलंय हे मला त्याला कळू देता येईना."

मी न विचारता राहू शकले नाही. "मग ही काडतुसं तुम्ही एवढी वर्षं झाडत होतात?"

"त्याने माझ्यासाठी भरली होती," त्या म्हणाल्या. "दर वेळी बंदूक उचलताना मला भीती वाटायची. पण न झाडता ठेवून दिली असती, तर त्याचा अर्थ काय झाला असता?"

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्या शनिवारांना मी त्यांच्या अगदी डाव्या हाताला उभी असायचे, नळी फाटली असती तर मीही सुटले नसते, हे त्यांच्या लक्षात आलं का, ते मला सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आलं. घरी येताना नवऱ्यानेही नेमकं तेच बोलून दाखवलं. त्याला बाईंचा राग आला होता, आणि तो बरेच दिवस टिकला.

कपाटातली सगळी काडतुसं क्लबच्या देखरेख करणाऱ्या माणसाने नष्ट करण्यासाठी ताब्यात घेतली. डब्यातली दारू मुलाने आणि मी बाईंच्या हिरवळीवर पातळ विखरून तिच्यावर पाणी मारलं. जुने लोक तसंच करतात, गवताला ती खतासारखी लागते. प्रेस मात्र त्याने नेला नाही. जाताना नवऱ्याशी हात मिळवला, आणि पहिल्या दिवशी दारात जे बोललो त्याबद्दल माफ करा म्हणाला. नवऱ्याने मान हलवली. माफ केलं की नाही ते त्याने मलाही सांगितलं नाही.

बाई अपार्टमेंटमध्ये गेल्यावर मी दोन-तीनदा भेटून आले. त्यांनी कॉफी केली, मुलीची चौकशी केली, बंदुकीचा विषय काढला नाही. आमचं सगळं इथेच संपलं असं मी धरून चालले. मग बर्फ वितळून क्लब उघडल्यावर एक दिवस त्यांचा फोन आला. तुझं यंत्र चालतंय का, त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी थोडी काडतुसं भरून देशील का, असं म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्या स्वतःच आल्या, जिना सावकाश उतरल्या, आणि वाचायचा चष्मा लावून माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. दारूच्या नव्या बाटलीचं सील मी त्यांच्यासमोर फोडावं असं त्यांनी सुचवलं. मग प्रत्येक माप तराजूवर घालायला लावलं. एका काडतुसाचं तोंड मिटताना मी दांडा जरा घाईने ओढला, तर त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि हे नको म्हणाल्या.

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण या वेळी मी मोजणार आहे."

त्या शनिवारी आम्ही एकाच गाडीतून क्लबवर गेलो. पहिल्या चारही तबकड्या त्यांच्या हातून निसटल्या. पाचवी त्यांनी अगदी खाली जाऊ दिली, मला वाटलं तीही गेली, आणि मग गवताच्या जरा वर तिचा धुरळा झाला. त्यांनी बंदूक बिजागरीतून दुमडून उघडली, रिकामी पुंगळी काढली, तिचं तोंड निरखून बघितलं, आणि ती माझ्या हातात दिली.